ताळेबंदाची अक्षरं किती?

लग्नघरात दोन प्रकारची माणसं असतात. एक स्वयंपाक करणारी आणि दुसरी, तो स्वयंपाक कुठल्या भांड्यात व्हावा याविषयी मत असणारी. पहिल्या प्रकारची माणसं घामाघूम, गप्प आणि मुदपाकखान्यात असतात. दुसरी मांडवात, खुर्चीवर, पंख्याखाली असतात. मसालेभात पितळी पातेल्यातच झाला पाहिजे, ॲल्युमिनियममध्ये त्याला 'ती' चव येत नाही, असं एक काका म्हणतात. कल्हई उडालेली असली तर काय घ्या, असं दुसरे काका विचारतात. त्यांचा वाद रंगात येईपर्यंत आत कुणीतरी हाताला लागेल त्या पातेल्यात तांदूळ वैरून मोकळं झालेलं असतं, म्हणून वऱ्हाड जेवतं.

गेले आठ महिने मी अशा एका लग्नघरात आहे की जिथे सगळेच काका पंख्याखाली बसले आहेत.

हे लग्नघर म्हणजे हिशेबाच्या एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं मराठी माहितीपुस्तक लिहिणारं स्वयंसेवक मंडळ. प्रोग्रॅम चांगला आहे. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्याचा काही दोष नाही. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. बँकेत कारकून आहे आणि बी.कॉम. झालेला आहे, एवढ्या दोन गुन्ह्यांवरून सर्वसाधारण सभेने मला ही जन्मठेप एकमताने दिली. वह्या लिहून लिहून बोटं आखडली तेव्हा माझा भाचा बंड्या (हा पुण्यात 'आयटी'त असतो, म्हणजे नेमका काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही) म्हणाला, "मामा, हा प्रोग्रॅम घे. फुकट आहे, आणि मराठीतसुद्धा चालतो."

चालला. पण अडला की विचारायचं कुणाला? माहितीपुस्तक इंग्रजीत, तेही अशा माणसाने लिहिलेलं की ज्याने आयुष्यात पासबुक भरून घेतलेलं नाही. मी बंड्याजवळ तक्रार केली. आता बँकेत तक्रार केली तर काय होतं हे मला ठाऊक आहे: तक्रारवहीत नोंद होते आणि वही कपाटात जाते. स्वयंसेवकांच्या जगात तक्रारवही नसते. तिथे ज्याने तक्रार केली त्यालाच कामाला लावतात. आठवडाभरात मी मंडळाचा सभासद झालो होतो.

मंडळात आम्ही सात जण. रविवारी संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर सात चौकटीत सात तोंडं जमतात, त्यातलं एक नेहमी कपाळापासून वरच दिसतं. पहिल्या सभेला मी बावळटासारखी वही-पेन घेऊन बसलो होतो. मला वाटलं, कुणी कोणतं प्रकरण लिहायचं हे ठरेल. रोजकीर्द तुम्ही घ्या, खतावणी मी घेतो, वगैरे. पण विषयपत्रिकेवर पहिला विषय होता, 'फाइल कोणत्या फॉरमॅटात असावी'. दुसरा विषय आठ महिन्यांत आलेला नाही.

फॉरमॅट म्हणजे काय ते मला आधी नीट माहीत नव्हतं. आता इतकं माहीत झालं आहे की झोपेत बोलतो, असं सौ. म्हणते.

आमच्यात एक पुण्याचे गृहस्थ आहेत. ते डॉकबुक पंथाचे. हा पंथ १९९१ सालापासूनचा, म्हणजे या धंद्यात सनातनच म्हणायचा. त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे कोनदार कंसात पाट्या लावायच्या. इथे प्रकरण सुरू, इथे शीर्षक सुरू, इथे शीर्षक संपलं, इथे परिच्छेद सुरू. परिच्छेद हा परिच्छेदासारखा दिसतो एवढ्यावर हे गृहस्थ विश्वास ठेवत नाहीत, त्याच्यावर तशी पाटी पाहिजे. मला हसू आलं आणि लगेच गिळावं लागलं, कारण दर नोव्हेंबरात पेन्शनर काउंटरसमोर जिवंत उभा असतो आणि मी त्याच्याकडे हयातीचा दाखला मागत असतो. शिवाय यात एक पाटी जरी बंद करायची राहिली तरी अख्खं पुस्तक तयार व्हायचं नाकारतं. हेही मी समजू शकतो. तेरजेत एका पैशाचा फरक आला तर बँकेत कुणी 'जाऊ द्या हो' म्हणत नाही.

दुसरा एक तरुण, मूळचा नाशिकचा, आता बंगलोरला. हा मार्कडाउनवाला. मार्कडाउन २००४ साली जॉन ग्रुबर नावाच्या गृहस्थाने ॲरन स्वार्ट्झ यांच्या मदतीने काढलं, आणि कल्पना मोठी झकास होती. ठळक अक्षर हवं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारका टाका, मथळा हवा तर आधी जाळीचं चिन्ह. बाकी आपण पत्र लिहितो तसं लिहा. मला हे एकदम पसंत पडलं. मी लगेच विचारलं, "आणि जमा-खर्चाचं कोष्टक कसं आखायचं?" त्यावर तो तरुण थोडा घुटमळला. मूळ मार्कडाउनात कोष्टकाची सोयच नाही! ज्या माणसाला कोष्टकावाचून जगता येतं तो माणूस सुखी असणार यात शंका नाही, पण त्याने हिशेबाचं पुस्तक लिहू नये. पुढे ज्याने त्याने आपापल्या सोयीची कोष्टकं जोडली, आणि बारा कोसांवर भाषा बदलते तशी मार्कडाउनची दर दुकानाला एक बोली झाली. म्हणून २०१४ साली काही मंडळींनी सगळ्यांची मिळून एक प्रमाणभाषा काढली. तिचं नाव कॉमनमार्क. त्या प्रमाणभाषेतही कोष्टक नाही.

तिसरे एक प्राध्यापक. ते लाटेक्‌वाले. यांच्याविषयी मला आदर आहे, कारण त्यांच्या पंथाचे मूळपुरुष डोनाल्ड क्नुथ. आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून हा माणूस इतका नाराज झाला की पुस्तक बाजूला ठेवून त्याने १९७७ साली अक्षरजुळणीचा स्वतःचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. त्याचं नाव टेक्. (लाटेक् हे पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर चढवलेलं सोपं कवच. 'सोपं' हा शब्द प्राध्यापकांचा.) पण मला क्नुथ आवडतात ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत, आणि लोक तो चेक वटवण्याऐवजी चौकट करून भिंतीवर लावत. वाचकहो, त्या बँकेतल्या कारकुनाची कल्पना करा! वर्षानुवर्षं चेक दिलेले आणि सादर न झालेले. त्या खात्याचा ताळमेळ म्हणजे चालता-बोलता छळ. अखेर २००८ साली चेकच्या फसवणुकीला कंटाळून क्नुथनी खरे चेक थांबवले आणि सान सेरीफ नावाच्या काल्पनिक देशाच्या काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. त्या बँकेत नोकरी मिळते का ते मी बघतो आहे.

चौथ्या होत्या चिपळूणकडच्या एक शिक्षिका. त्यांनी पहिल्याच सभेत विचारलं, "मी आपली नेहमीसारखी वर्डमध्ये टाइप करून मेलने पाठवली तर चालेल का? दोन प्रकरणं झालीत माझी."

सातही चौकटीत तीन सेकंद अशी शांतता पसरली की जणू बाईंनी सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात चपला घालून पाऊल टाकलं.

त्या बाई आता मंडळात नाहीत. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. त्यांना फक्त एक दुवा पाठवण्यात आला आणि त्यावरच्या सूचना वाचून गिट बसवायला सांगण्यात आलं. गिट म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं साधन. कुणी कोणती ओळ कधी बदलली याचा त्यात चोख हिशेब राहतो. साधन फारच उत्तम आहे यात वाद नाही. हजारो प्रोग्रॅमर एकाच वेळी एकाच ग्रंथात खाडाखोड करत असतील तर ते हवंच. आमच्याकडे लिहिणारी एक बाई होती.

आता बंड्याचं म्हणणंही सांगतो, नाहीतर माझ्या पश्चात तो सांगत फिरेल. तो म्हणतो, "मामा, वर्ड किंवा रायटरची फाइल म्हणजे बंद गठडी. ओडीटी फाइल ही आतून झिप असते, तिच्यात एक्सएमएल कोंबलेलं असतं. दोन माणसांनी दोन प्रतींत बदल केले तर ओळीला ओळ लावून बघता येत नाही. साधा मजकूर असला की येतं. आणि तीस वर्षांनी रायटर असेल-नसेल, साधा मजकूर उघडणारच."

मुद्दा खरा आहे, आणि मला तो पटण्यासाठी तीस वर्षं थांबायची गरज नाही. माझ्या कपाटात एका सीडीवर सोसायटीची २००१ सालची इतिवृत्तं आहेत. तेव्हाच्या एका मराठी फाँटात टाइप केलेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या टायपिंगवाल्यापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. आज ती फाइल उघडली की स्वल्पविराम, उद्गारचिन्हं आणि इंग्रजी अक्षरं यांची भेळ दिसते. त्या भेळेत पाण्याच्या टाकीचा ठराव आहे. टाकी गळते आहे आणि ठेकेदार म्हणतो ठराव दाखवा. तसंच पीडीएफचं. पीडीएफ म्हणजे भाजलेला पापड, खायला छान, पण परत लाटता येत नाही. काही मंडळं पुस्तकाचा पापड तेवढा जपतात आणि पीठ हरवतात. दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली की मग सगळं पुन्हा टाइप करत बसतात.

तेव्हा साध्या मजकुराशी माझं भांडण नाही. ते शेवटी तिजोरीत ठेवण्याचं रूप असू दे. माझं भांडण आहे ते तिजोरीचं कुलूप दारावर लावण्याशी.

बंड्या मला मोठमोठ्या मंडळींचे दाखले देतो. पायथॉन या संगणकभाषेची माहिती आधी लाटेक्‌मध्ये होती, ती २००७ साली रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये आणली, आणि त्यासाठी लिहिलेलं साधन स्फिंक्स या नावाने पुढच्या वर्षी सगळ्यांना खुलं झालं. लिनक्सच्या गाभ्याची मंडळी २०१६ साली डॉकबुक सोडून त्याच वाटेने गेली. फ्रीबीएसडीवाल्यांनी २०२१ च्या जानेवारीत डॉकबुक सोडून आस्कीडॉक धरलं. "बघा," तो म्हणतो, "सगळे विचार करून फॉरमॅट निवडतात."

अरे, पण बंड्या, त्यांच्याकडे पुस्तक होतं! लाटेक्‌मध्ये होतं, डॉकबुकात होतं, पण होतं. हजारो पानांचं, वर्षानुवर्षं लोकांनी वापरलेलं. भात शिजलेला होता, तो त्यांनी एका पातेल्यातून दुसऱ्या पातेल्यात काढला. आपण रिकामी पातेली एकमेकांत ओततो आहोत.

आणि इतिहासच काढायचा तर मुळापासून काढू या. युनिक्सचा जन्म बेल लॅब्जमधला. तिथल्या मंडळींना नवा संगणक हवा होता, वरिष्ठ काही केल्या पैसे देईनात. तेव्हा त्यांनी मजकूर लिहिण्याची आणि छापण्याची सोय करून देतो असं सांगून पीडीपी-११ हे यंत्र पदरात पाडून घेतलं. १९७१ साली ते कोणी वापरलं? पेटंट खात्याच्या टंकलेखकांनी. अर्ज टाइप करणाऱ्या कारकुनांच्या जिवावर ज्या विद्येने आपला पहिला संगणक मिळवला, त्या विद्येचे वारस आज एका कारकुनाला सांगतात की तुमचं लिखाण योग्य स्वरूपात नाही. मी ही गोष्ट सभेत सांगितली. कपाळवाले सभासद म्हणाले, "इंटरेस्टिंग." मग पुन्हा कोष्टकांवर चर्चा सुरू झाली.

कोष्टकांवरून आठवलं. मध्यंतरी तडजोड म्हणून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट घेऊन बघायचं ठरलं. यात शीर्षकाखाली बरोबरच्या चिन्हांची रेघ ओढायची असते आणि ती शीर्षकाहून आखूड असून चालत नाही. मी लिहिलं 'ताळेबंद'. खाली मोजून चार चिन्हं दिली. संगणकाने इशारा दिला, रेघ आखूड आहे. मी पुन्हा मोजलं. ता, ळे, बं, द. चार! बालवाडीतल्या पोरालाही विचारा. बंड्याला फोन केला तर तो हसायला लागला. संगणकाच्या लेखी त वेगळा, त्याचा काना वेगळा, ळ वेगळा, त्याची मात्रा वेगळी, ब वेगळा, अनुस्वार वेगळा आणि शेवटी द. अशी सात. बँकेत वीस वर्षं काढून ताळेबंदात तीनचा फरक मी पहिल्यांदाच पाहिला.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. ज्यांनी ही साधनं केली ती सज्जन माणसं आहेत, फुकट वाटतात, माझी त्यांच्यावर फिर्याद नाही. पण त्यांनी ती स्वतःच्या हाताच्या मापाने केली. प्रोग्रॅमरला तीच खिडकी, तोच कीबोर्ड, तेच गिट दिवसभर समोर असतं. त्याला पुस्तकही त्यातच लिहिणं सोपं. आणि मग तो असं समजतो की जे मला सोपं ते सोपं. याचा परिणाम असा होतो की माहितीपुस्तक लिहिण्याची परवानगी नेमकी त्यालाच उरते, ज्याला माहितीपुस्तक लागत नाही.

आणि हे मी कुणासाठी सांगतो आहे, तर अण्णांसाठी.

अण्णा आमच्या शाखेतले निवृत्त हेडकॅशियर. वय अठ्ठ्याहत्तर. आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहतात. मी खजिनदार झालो तेव्हा मागच्या हिशेबात २,७०० रुपयांचा फरक होता. कीर्द एक सांगत होती, बँकेचं पासबुक दुसरं. आधीचे खजिनदार दुसऱ्या मजल्यावरचे, एक सरळ माणूस. पण जिन्यात ते दिसले की लोक बोलणं थांबवायचे. त्यांच्या बायकोने भिशीला जाणं सोडलं होतं. २,७०० रुपये! आज एवढ्यात धड एक मिक्सर येत नाही.

मी तीन रात्री वह्या तपासल्या. चौथ्या दिवशी अण्णांकडे गेलो. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "फरक किती म्हणालास? सत्तावीसशे? नऊने भाग जातो का?"

"जातो."

"मग पैसे शोधू नकोस. उलटे आकडे शोध."

ही जुन्या बँकवाल्यांची विद्या. शेजारशेजारचे दोन आकडे लिहिताना अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नऊने नेहमी भाग जातो. भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच असेल असं नाही, पण आधी तिथे बघावं. अर्ध्या तासात सापडलं. ६,३०० चा एक भरणा कीर्दीत ३,६०० लिहिला होता. मी वही घेऊन थेट दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्या गृहस्थांनी ती नोंद पाहिली, चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बायकोला म्हणाले, "चहा टाक गं."

फरक समसंख्येचा असेल तर त्याचा निम्मा करून तेवढ्या रकमेची नोंद शोधायची, ती चुकून उलट्या बाजूला पडलेली असू शकते. दिलेले पण सादर न झालेले चेक आधी वेगळे काढायचे. बँकेने परस्पर कापलेले आकार नि जमा केलेलं व्याज त्यानंतर. आणि जुळलेल्या नोंदीला टिक करायची ती पेन्सिलीने, कारण माणूस चुकीची टिकसुद्धा करतो. हे सगळं प्रोग्रॅमच्या इंग्रजी पुस्तकात नाही. त्यात 'जुळवणी या बटणावर क्लिक करा' एवढं आहे. न जुळली तर काय करायचं ते नाही, आणि खजिनदाराचं आयुष्य तर न जुळण्यातच जातं.

म्हणून मी अण्णांना म्हटलं, बँक जुळवणीचं प्रकरण तुम्ही लिहा. त्यांनी अकरा पानं लिहिली. जुन्या डायरीच्या पाठकोऱ्या पानांवर, ठसठशीत अक्षरात, समासात उदाहरणं. नातीने मोबाइलवर त्यांचे फोटो काढून मंडळाला पाठवले. दुसऱ्या दिवशी मंडळाकडून उत्तर आलं: धन्यवाद, फार छान, कृपया याची पुल रिक्वेस्ट पाठवावी.

नातीने अर्थ समजावून सांगितला. अण्णा मला जिन्यात म्हणाले, "लिहून मी द्यायचं, फुकट द्यायचं आणि वर विनंतीही मीच करायची? आपल्या बँकेत एवढा माज नव्हता रे."

बँकेत खरंच नव्हता, निदान या बाबतीत नव्हता. विचार करा. खेड्यातली म्हातारी काउंटरवर येते. तिची स्लिप कशी असते? वाकडी. तारीख नाही, आकडा एका जागी, अक्षरी दुसरीकडे, सहीऐवजी अंगठा. आम्ही तिला 'बाई, डबल एंट्री शिकून या आणि स्वतःच खतावणीत नोंद करा' असं सांगत होतो का? कारकून ती स्लिप घ्यायचा, विचारून दुरुस्त करायचा आणि वहीत शिस्तीत चढवायचा. काउंटरच्या पलीकडे कसंही चालेल, काउंटरच्या अलीकडे एका टिंबाचीही गफलत चालणार नाही. मधे कारकून. जगातल्या सगळ्या बँका या एका युक्तीवर उभ्या राहिल्या. (आता आम्हीही म्हातारीला मशीन दाखवतो आणि पासबुक स्वतः छापून घ्या म्हणतो, ते सोडा. ते मशीन निम्मा वेळ बंद असतं आणि म्हातारी शेवटी माझ्याकडेच येते.)

आमच्या मंडळात सात जण आहेत आणि त्यांत कारकून एकही नाही. सगळे मॅनेजर. आणि असं काही जगात झालंच नाही असंही नाही. लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात जो मोठा माहितीप्रकल्प होता, त्याने लेखकांसाठी सोय ठेवलेली होती की डॉकबुक येत नसेल तर साध्या मजकुरात पाठवा, आमचा स्वयंसेवक रूपांतर करून घेईल. लिब्रेऑफिसवाले तर त्याहून सरळ. त्यांची जाडजूड मार्गदर्शक पुस्तकं ते ओडीटीमध्ये, आपल्याच रायटरमध्ये, ठरलेला साचा वापरून लिहितात. बदल नोंदवण्याची सोय चालू ठेवतात आणि एकाचं दुसऱ्याने तपासतात. खानावळीचा मालक आपल्याच खानावळीत जेवतो म्हटल्यावर गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. त्यात बंड्या म्हणतो ती अडचण येते, दोघांनी एकाच वेळी एका प्रकरणाला हात लावायचा नाही हे पाळावं लागतं. पाळतात. लेजरही एका वेळी एकाच कारकुनाच्या टेबलावर असायचं. कुणी मेलं नाही.

मी मागच्या महिन्यात सभेत हे बोललो. जरा चढ्या आवाजातच बोललो असेन, कारण सौ. ने आतून येऊन दार लावून घेतलं. मी म्हटलं, ज्याला जसं येतं तसं त्याने द्यावं. वर्ड, रायटर, मेल, डायरीची पानं, नुसतं फोनवर बोलून टाकलं तरी चालेल. आपल्यातल्या दोघांनी कारकून व्हावं आणि ते पाहिजे त्या तुमच्या फॉरमॅटात चढवावं. आणि तो फॉरमॅट कोणता, हे त्या दोघांनी ठरवावं, कारण झिजणारी बोटं त्यांची. ज्याने आजवर एक पानही लिहिलेलं नाही त्याला फॉरमॅटवर मत नाही. यावर पुण्याचे गृहस्थ म्हणाले की मग प्रस्तावासाठी एक नमुना ठरवावा लागेल. प्राध्यापकांनी विचारलं, तो नमुना कोणत्या फॉरमॅटात?

मी संगणक बंद केला. पलीकडच्यांना वाटलं वीज गेली.

मग मी अण्णांची पानं आणली आणि रोज रात्री जेवण झाल्यावर टाइप करायला बसलो. दोन बोटांनी टाइप करतो मी, त्यामुळे अकरा पानांना नऊ रात्री लागल्या. सातव्या पानावर समासात अण्णांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'फरक सापडेपर्यंत कोणावरही संशय घेऊ नये. सापडल्यावरही चहा घेऊन मग बोलावे.' ते समासात ठेवायचं की मजकुरात घ्यायचं हे कळेना. शेवटी मजकुरात घेतलं.

बंड्याला म्हटलं, "हे घे. तुझ्या कुठल्याही पातेल्यात ओत. कारकून नंबर एक मी झालो, नंबर दोन तू."

बंड्या मुळात पोरगा चांगला आहे. त्याने शनिवार-रविवार घालवून ते डॉकबुकात चढवलं, कारण प्रोग्रॅमचं मूळ पुस्तक डॉकबुकात आहे आणि फार वाद न करता तिथे टाकता येत होतं. आठ महिन्यांचा प्रश्न त्याने असा सोडवला. रविवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन.

"मामा, पुस्तक तयार होत नाहीये. एरर येतेय. पान चार बघ, उदाहरणात काय आहे?"

मी पाहिलं. उदाहरणात एका दुकानाचं नाव होतं. अमुक 'अँड' सन्स, आणि 'अँड'च्या जागी अण्णांनी इंग्रजीतलं ते वेटोळं चिन्ह काढलं होतं, जुन्या बँकेच्या वळणाने, सुंदर. मीही ते तसंच टाइप केलं होतं. ते चिन्ह एक्सएमएलमध्ये नुसतं टाकून चालत नाही. त्याला तिथे वेगळा मान आहे.

"'आणि' लिही," मी म्हटलं.

मराठीतला आणि टाकल्यावर पुस्तक तयार झालं.

काल सकाळी दुधाला निघालो तर अण्णा तळमजल्यावर कट्ट्यावर बसले होते. नातीने त्यांना मोबाइलवर त्यांचं प्रकरण दाखवलं असावं, कारण चष्मा कपाळावर होता.

"काय रे," ते म्हणाले, "त्या विनंतीचं काय झालं? मंजूर झाली का?"

"नाही अण्णा. तुमच्या पानांवर दोघांचे शेरे आलेत. शीर्षक 'बँक जुळवणी' असावं की 'बँक ताळमेळ' यावर चर्चा चालू आहे."

"म्हणजे वाचलं त्यांनी?"

"वाचलं."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "'जुळवणी'च ठेव म्हणावं. आणि दुसरं प्रकरण कशावर हवंय ते विचार. डायरी अर्धी शिल्लक आहे."